नफ्याच्या हिशेबात माणूस कोठे?

(उद्योगांची मानवाधिकारविषयक जबाबदारी आणि व्यवस्थापन शिक्षण या विषयावर कळवण येथे झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात काय असावे, याची चर्चा सहसा मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित सभागृहांत होते. ती कळवणसारख्या तालुक्याच्या गावी कशासाठी, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. सप्तशृंगीच्या गडाचा हा तालुका. गिरणेच्या खोऱ्यात, चणकापूर धरणाच्या पाण्यावर येथे उन्हाळ कांदा, ऊस, डाळिंब पिकते. कळवण आणि अभोण्याच्या बाजारात कांद्याचे लिलाव होतात. आणि याच तालुक्यातून दरवर्षी दोन प्रवास सुरू होतात.

पहिला प्रवास पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातून निघतो. पावसाळा सरला, भात-नागलीची कापणी उरकली की पाड्यांवरची वनवासी कुटुंबे बोचकी बांधतात. काही दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणी, विरळणी आणि तोडणीसाठी जातात. काही सीमा ओलांडून दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात. शेजारच्या सुरगाणा आणि पेठ तालुक्यांचीही हीच कहाणी आहे. दुसरा प्रवास गावातून निघतो. शेतकऱ्याचा, व्यापाऱ्याचा, शिक्षकाचा मुलगा किंवा मुलगी पदवी घेते आणि एमबीए करण्यासाठी नाशिक-पुण्याला जाते. त्यासाठी बँकेचे कर्ज काढले जाते, प्रसंगी जमिनीचा तुकडाही विकला जातो.

हे दोन प्रवासी पुढे एकाच साखळीत येतात, मात्र एकमेकांना कधी दिसत नाहीत. एमबीए झालेला तरुण एखाद्या निर्यातदार, साखर किंवा शीतपेय कंपनीच्या खरेदी विभागात बसतो. कोणत्या पुरवठादाराकडून, किती दराने, किती दिवसांत माल घ्यायचा, हे तो ठरवतो. त्याने किलोमागे कमी केलेल्या रुपयाचा भार उतरत उतरत अखेर छाटणीच्या कात्रीवर आणि उसाच्या कोयत्यावर येऊन पडतो. त्या तरुणाला दोन वर्षांच्या शिक्षणात या मजुराविषयी काय शिकवले जाते? प्रामाणिक उत्तर ‘फारच थोडे’ असे आहे. आजच्या चिंतनाचा विषय तोच आहे.

दान निराळे, जबाबदारी निराळी

उद्योगांच्या सामाजिक जबाबदारीचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच ‘सीएसआर’ हा शब्द पुढे येतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये, १ एप्रिल २०१४ पासून विशिष्ट मर्यादेपुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक झाले. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक निकष पुरा झाला तरी हे बंधन लागू होते. या तरतुदीमुळे शाळांच्या इमारती, स्वच्छतागृहे, जलसंधारणाची कामे उभी राहिली. ते पुण्यकार्यच आहे.

परंतु या तरतुदीने व्यवस्थापनाच्या वर्गात नकळत एक चुकीचे समीकरण रुजवले. आधी नफा मिळवायचा आणि मग त्यातील दोन टक्के समाजाला द्यायचे, म्हणजे जबाबदारी संपली, असे ते समीकरण आहे. दोन टक्के कसे खर्च केले याचा सचित्र अहवाल निघतो. पूर्ण शंभर टक्के कसे मिळवले, हा प्रश्न मात्र परीक्षेत येत नाही. एखाद्या कंपनीने पाड्यावरच्या शाळेला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र दिले आणि त्याच पाड्यावरची टोळी त्या कंपनीला माल पुरवणाऱ्या बागेत पिण्याच्या पाण्यावाचून राबत असेल, तर त्या कंपनीला दानशूर म्हणता येईल, जबाबदार म्हणता येणार नाही. दान हे देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. अधिकार हा घेणाऱ्याचा असतो.

हा भेद जागतिक पातळीवर स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय हार्वर्डचे प्राध्यापक जॉन रगी यांच्याकडे जाते. संयुक्त राष्ट्रसंघाने २००५ मध्ये त्यांच्यावर हे काम सोपवले. त्यांनी तयार केलेली ‘व्यवसाय आणि मानवाधिकार’विषयक मार्गदर्शक तत्त्वे १६ जून २०११ रोजी संघाच्या मानवाधिकार परिषदेने स्वीकारली. त्यांचा गाभा तीन शब्दांत सांगता येतो : रक्षण, आदर आणि निवारण. नागरिकांच्या अधिकारांचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य. त्या अधिकारांचा आदर करणे ही उद्योगाची जबाबदारी. आणि अन्याय झालाच तर त्याचे निवारण करणारी वाट पीडिताला उपलब्ध असली पाहिजे. उद्योगाने केवळ स्वतःच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत पाहून भागत नाही. आपल्या पुरवठा साखळीत कोणाच्या अधिकारावर घाला येत आहे काय, हे त्याने शोधून काढले पाहिजे, असे ही तत्त्वे सांगतात.

भारतानेही या दिशेने पावले टाकली. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०११ मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि २०१९ मध्ये ती सुधारून नऊ तत्त्वांच्या रूपाने पुन्हा मांडली. त्यांतील पाचवे तत्त्व मानवाधिकारांचा आदर करण्याविषयी आहे. त्यांच्या आधारे ‘सेबी’ने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून शेअर बाजारातील सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना सविस्तर अहवाल देणे बंधनकारक केले. किती कर्मचाऱ्यांना मानवाधिकारांचे प्रशिक्षण दिले, किमान वेतन किती जणांना मिळते, तक्रारींची व्यवस्था काय, असे प्रश्न त्यात विचारले जातात. आजचा विद्यार्थी उद्या हा तक्ता भरणार आहे. तक्ता कसा भरावा हे त्याला शिकवले जाते. तक्त्यामागचा माणूस कसा पाहावा, हे शिकवणे बाकी आहे.

दाभोळचा धडा

व्यवस्थापन शिक्षणातील ही उणीव किती महाग पडते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवर घडले. २० जून १९९२ रोजी अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीने महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी समझोता केला आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात दाभोळ वीज प्रकल्पाची पायाभरणी झाली. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या बलाढ्य कंपन्या तिच्या भागीदार होत्या. विजेचा दर, कराराची गुप्तता, परकीय भांडवलाची दादागिरी यांवर महाराष्ट्रात वादळ उठले. स्वदेशीच्या चळवळीने हा प्रश्न घरोघर पोचवला. ऑगस्ट १९९५ मध्ये युती सरकारने करार रद्द केल्याची घोषणा केली आणि पुढे फेरवाटाघाटी करून प्रकल्प पुन्हा मार्गी लावला. मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. २००१ मध्ये वीज मंडळाने न परवडणारी ती वीज घेणे थांबवले आणि २ डिसेंबर २००१ रोजी खुद्द एन्रॉन कंपनीनेच दिवाळखोरी जाहीर केली.

एवढी कथा सर्वांना ठाऊक असते. मात्र तिची दुसरी बाजू वेलदूर, अंजनवेल या परिसरातील गावांची आहे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये या प्रकल्पावर एक स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला. आंदोलक ग्रामस्थांवर लाठीमार, मनमानी अटका आणि जून १९९७ मध्ये वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत पहाटे घरांत घुसून स्त्रियांना झालेली मारहाण, यांची त्यात नोंद आहे. प्रकल्पाच्या बंदोबस्तासाठी असलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी उचलत होती, हा त्यातील सर्वांत गंभीर मुद्दा. पोलीस राज्याचे होते आणि राज्यात त्या वेळी शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते, हे सांगताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. ज्या प्रश्नात आपल्या माणसांकडे पाहतानाही तोच निकष लावता येत नाही, त्या प्रश्नावर बोलण्याचा नैतिक अधिकारही राहत नाही.

आता या प्रकरणाचा व्यवस्थापन शिक्षणाशी असलेला संबंध पाहावा. एन्रॉनचे प्रमुख जेफ्री स्किलिंग आणि दाभोळ प्रकल्पाच्या वाटाघाटींचा चेहरा असलेल्या रिबेका मार्क, हे दोघेही जगद्विख्यात हार्वर्ड बिझनेस स्कूलचे एमबीए. बुद्धी, परिश्रम, आत्मविश्वास यांपैकी कशाचीही त्यांच्याजवळ वाण नव्हती. त्याच हार्वर्डने दाभोळ प्रकल्पावर अभ्यासपाठही तयार केला. जगभरच्या वर्गांत दाभोळची चर्चा झाली ती मुख्यतः राजकीय जोखीम आणि करारातील वाटाघाटी यांचे उदाहरण म्हणून, आणि एन्रॉनची चर्चा झाली ती हिशेबतपासणीतील लबाडीचे उदाहरण म्हणून. स्किलिंग यांना २००६ मध्ये शिक्षा झाली तीही गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल. वेलदूरच्या कोळणीला मात्र कोणत्याही ताळेबंदात जागा नव्हती. भागधारकाचे नुकसान हा गुन्हा आणि ग्रामस्थाचे नुकसान ही ‘स्थानिक अडचण’, अशी दृष्टी ज्या शिक्षणातून घडते, त्या शिक्षणाचे अधिष्ठानच तपासून पाहिले पाहिजे.

आपल्या घरातला आरसा

परकीय कंपनीकडे बोट दाखवणे सोपे असते. भांडवल स्वदेशी असले, मालक आपल्याच तालुक्यातला असला आणि कारखाना सहकारी असला, म्हणजे मजुराचे भले आपोआप होते काय? साखर उद्योग या प्रश्नाचे कठोर उत्तर देतो.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजणीच अवजाराच्या नावाने होते. हंगामापूर्वी मुकादम उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडी बांधलेली राहते. दक्षिण गुजरातच्या पट्ट्यात तर मुकादम उचलीवर व्याजही लावतो. मजुरी जोडीच्या नावाने होते, त्यामुळे बाईच्या श्रमाची स्वतंत्र नोंदच राहत नाही. उसाच्या फडाशेजारी पालांत राहायचे, पहाटे अंधारात उठायचे, गाड्या भरण्यासाठी रात्री-अपरात्री जायचे. मुले पालांत वाढतात आणि त्यांची शाळा बुडते. डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातच्या ऊसतोडीविषयी अनेक दशके लिहिले आहे. त्यांची राजकीय मते कोणाला पटोत वा न पटोत, त्यांनी दाखवलेली परिस्थिती आपल्याच बांधवांची आहे.

महाराष्ट्रात बीड जिल्ह्याचे प्रकरण सर्वांना अंतर्मुख करणारे ठरले. जून २०१९ मध्ये राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की, त्या जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२,००० हून अधिक ऊसतोड स्त्रियांची माहिती तपासली. त्यांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली आढळली. कामाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात, फडावर स्वच्छतागृह नसते, दुखण्यावर वेळेवर उपचार मिळत नाहीत आणि डॉक्टर शस्त्रक्रियेचा सल्ला देतो. या साऱ्याची बेरीज कोठे होते, ते या आकड्यांत दिसते. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही साखळी पुढे नेऊन कोका-कोला आणि पेप्सिको यांना साखर पुरवणाऱ्या महाराष्ट्रातील कारखान्यांपर्यंत आणली, तेव्हा तो जगाच्या चर्चेचा विषय झाला.

या साखळीत प्रत्येकाजवळ तयार उत्तर असते. शीतपेय कंपनी म्हणते, आम्ही फक्त साखर विकत घेतो. कारखाना म्हणतो, मजूर आमच्या पटावर नाहीत, ते मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो, मी उचल दिली आहे, ती बुडाली तर मी बुडेन. कायद्याच्या भाषेत प्रत्येकाचे म्हणणे काही अंशी खरे वाटते आणि या सर्व अर्धसत्यांच्या तळाशी कोयता एकटा उरतो. व्यवस्थापनाच्या भाषेत या रचनेला ‘आउटसोर्सिंग’ म्हणतात आणि खर्च कमी करण्याची ती एक कुशल पद्धत म्हणून शिकवली जाते. काम बाहेर देता येते, पण त्यासोबत जबाबदारीही बाहेर देता येते काय? हा एक प्रश्न जरी प्रत्येक वर्गात गांभीर्याने विचारला गेला, तरी व्यवस्थापन शिक्षणाला नवे वळण लागेल.

नाशिकच्या द्राक्षांचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यामुळे युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर तपासणीची व्यवस्था अधिक काटेकोर झाली. आज ‘अपेडा’च्या ग्रेपनेट पद्धतीमुळे युरोपातील दुकानात ठेवलेल्या द्राक्षाचा माग थेट नाशिक जिल्ह्यातील बागेच्या प्लॉटपर्यंत काढता येतो. औषध कोणते फवारले, कोणत्या दिवशी फवारले, सारे नोंदलेले असते. मग तो घड विरळणाऱ्या बाईला त्या दिवशी किती मजुरी मिळाली, फवारणीच्या वेळी तिच्या तोंडाला फडके होते की नाही, तिचे मूल बांधावर होते की शाळेत, याची नोंद का नसावी? घडाचा माग निघू शकतो, तर हाताचाही निघू शकतो. तंत्रज्ञान तेच आहे. पाहण्याची इच्छा हवी.

हा पाश्चात्त्यांचा दंडुका आहे काय?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो निराधार नाही. मानवाधिकाराचे नाव घेऊन श्रीमंत देश आपला माल अडवतात, हा अनुभव भारताने घेतला आहे. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये बालकामगारांच्या नावाने आयातबंदीचे विधेयक आले, तेव्हा त्यात करुणा किती आणि व्यापारी हित किती, असा प्रश्न विचारला गेला. जागतिक व्यापार संघटनेत कामगारविषयक ‘सामाजिक कलम’ घालण्याच्या प्रयत्नाला भारताने विरोध केला आणि १९९६ च्या सिंगापूर परिषदेत तो विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे सोपवण्यात आला. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसा निर्देश काढला आणि आपल्याच उद्योगांनी कुरकुर करताच २०२५ मध्ये त्याची मुदत लांबवली. नियम दुसऱ्यांसाठी आणि सवलत स्वतःसाठी, हा दुटप्पीपणा लपत नाही. शिवाय तपासणीचा खर्च मजुरापेक्षा लहान शेतकऱ्यावर पडतो आणि युरोपातील दुकानदार भाव एका पैशानेही वाढवत नाही, हीही वस्तुस्थिती आहे. विक्रेत्याने दर पाडायचा आणि शेतकऱ्याने त्याच दरात मजुरी वाढवायची, हा न्याय नव्हे. खरेदीदाराची जबाबदारी त्याच्या दरापासून सुरू होते, हेही वर्गात शिकवले गेले पाहिजे.

पण आक्षेप खरा असला तरी त्यातून निघणारा निष्कर्ष खरा ठरत नाही. आरसा परक्याने धरला म्हणून चेहऱ्यावरचा डाग नाहीसा होत नाही. आणि मजुराच्या न्यायाचा विचार आपल्याकडे परदेशातून आला, असे मानणे हे तर स्वतःच्या इतिहासाचे विस्मरण ठरेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ठरलेले वेतन न देणाऱ्या धन्याला दंड सांगितला आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये उभारली आणि त्यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळू लागली. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात टाटांनी १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आणि १९२० मध्ये भरपगारी रजा व भविष्य निर्वाह निधी सुरू केला. त्यासाठी त्यांच्यावर कोणत्याही कायद्याची सक्ती नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रम खाते सांभाळले आणि कामगार कायद्यांना आकार दिला.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानव दर्शन मांडले. अर्थव्यवस्था माणसासाठी असते, माणूस अर्थव्यवस्थेसाठी नसतो, हे त्याचे सार. अंत्योदय म्हणजे रांगेतल्या शेवटच्या माणसापासून विचाराला आरंभ करणे. आजच्या भाषेत बोलायचे तर पुरवठा साखळीच्या शेवटच्या कडीपासून आरंभ करणे. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ स्थापन केला आणि राष्ट्राच्या औद्योगीकरणाबरोबर उद्योगांच्या श्रमिकीकरणाचा आग्रह धरला. श्रम हाही गुंतवणुकीचा एक प्रकार आहे, म्हणून श्रमिकाचा उद्योगावर हक्क आहे, अशी त्यामागची भूमिका. भांडवलशाही माणसाला खर्च समजते, साम्यवाद त्याला वर्ग समजतो. भारतीय विचार त्याला कुटुंब, समाज आणि सृष्टी यांच्याशी जोडलेला माणूस समजतो. या विचाराचा अभिमान बाळगणाऱ्यांवर तर अधिक मोठी जबाबदारी येते. ज्याच्याजवळ तत्त्वज्ञान आहे त्याचे वर्तन त्याच तत्त्वज्ञानाच्या मापाने मोजले जाणार.

संविधानाने हा विचार अधिकाराच्या भाषेत आणला. कलम २३ ने वेठबिगारीला मनाई केली. १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्या. पी. एन. भगवती यांनी निर्णय दिला की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम हे कलम २३ च्या अर्थाने सक्तीचे श्रमच होय. माणूस उपाशी आहे म्हणून कमी पैशाला ‘हो’ म्हणाला, तर ती त्याची खुशी मानता येत नाही. हा निवाडा कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. तो व्यवस्थापनाच्या प्रत्येक विद्यार्थ्यालाही शिकवला पाहिजे, कारण मजुरीचा दर न्यायाधीशापेक्षा व्यवस्थापक अधिक वेळा ठरवतो.

वर्गात काय शिकवावे?

नव्या विषयाची आणखी एक पुस्तिका छापून हे काम होणार नाही. आपल्याकडे अनेक अभ्यासक्रमांत व्यावसायिक नीतिमत्ता आणि भारतीय मूल्ये यांवर एखादा पेपर असतो. विद्यार्थी सुभाषिते पाठ करतात, गुण मिळवतात आणि पुढच्या तासाला पुरवठादाराला दहा टक्के कमी दरात कसे आणावे, हे शिकतात. पहिल्या तासाचा दुसऱ्या तासाशी संबंध येत नाही. नीती ही देव्हाऱ्यात आणि व्यवहार बाजारात, ही फारकत शिक्षणातच पक्की होते.

म्हणून हा विषय खरेदी, वित्त, मनुष्यबळ आणि विपणन या मूळ विषयांच्या आतच यायला हवा. खरेदीच्या तासाला एका द्राक्षपेटीची किंमत उलट्या क्रमाने उलगडावी : दुकानातील किंमत, वाहतूक, शीतगृह, निर्यातदार, शेतकरी आणि शेवटी उक्ते काम घेणारी टोळी. टोळीच्या वाट्याला आलेल्या रकमेला माणसांनी आणि दिवसांनी भागावे आणि उत्तर किमान वेतनाशी ताडून पाहावे. मागितलेल्या दरात कायदा पाळणे शक्य नसेल, तर कायदा मोडण्याचा हुकूम दरपत्रकातूनच निघालेला असतो, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने केलेल्या गणितातून कळेल. वित्ताच्या तासाला भोपाळचा अभ्यास व्हावा. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू फुटला, त्याआधी सुरक्षेवरची काटकसर ताळेबंदात बचत म्हणूनच दिसत होती. उत्पादनाच्या तासाला ढाक्याजवळील राणा प्लाझा घ्यावे. २४ एप्रिल २०१३ रोजी ती इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे गेली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामगारांना सकाळी आत बोलावले गेले. तो निर्णय कोणी, कोणत्या मुदतीच्या दडपणाखाली घेतला? याचा विचार केला की व्यवस्थापकाच्या एका सहीचे वजन समजते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न बिझनेस स्कूलने २०१३ मध्ये या विषयाचे स्वतंत्र केंद्र उघडले. नाशिक-पुण्याच्या संस्थांना त्याची नक्कल करण्याची आवश्यकता नाही, कारण त्यांच्या दारात जिवंत पाठ्यपुस्तक आहे.

ते पाठ्यपुस्तक म्हणजे प्रत्यक्ष क्षेत्र. एमबीएचा विद्यार्थी दोन महिने एखाद्या बँकेत वा कंपनीत उमेदवारी करतो. त्यातील एक आठवडा त्याने डोंगरपट्ट्यातील पाड्यावर किंवा ऊसतोडीच्या पालावर काढावा. तेथे उपदेश करण्यासाठी वा छायाचित्रे काढण्यासाठी जाऊ नये. मजुराचा हिशेब लिहिण्यासाठी जावे. उचल किती, फेड किती, हाती काय आले, आजारपणात किती गेले. परत आल्यावर त्याने त्या कुटुंबाला वापरता येईल अशी तक्रारव्यवस्था आखून दाखवावी. कंपनीच्या संकेतस्थळावर इंग्रजीत असलेला तक्रारीचा नमुना कोकणा बोलणाऱ्या स्त्रीच्या काय उपयोगाचा? तिने तक्रार कोणाकडे, कोणत्या भाषेत करावी आणि तक्रार केल्यावर पुढच्या हंगामात काम मिळेल याची हमी कोणी द्यावी? या प्रश्नाचे चांगले उत्तर देणारा विद्यार्थी कोणत्याही कंपनीत उत्तम व्यवस्थापक ठरेल.

आणखी एक गोष्ट. कळवणसारख्या तालुक्यांतून वनवासी समाजाची मुले-मुली आता पदवीपर्यंत पोचली आहेत; त्यांतील काही व्यवस्थापनाच्या वर्गातही दाखल होत आहेत. त्यांच्या घरातच हा अनुभव आहे. तो अनुभव लपवण्याची लाज त्यांना वाटू नये, वर्गाने तो ज्ञान म्हणून ऐकावा, असे वातावरण शिक्षकाने निर्माण केले तर सामाजिक समरसता हा शब्द भाषणातून वर्गात उतरेल.

घराघरांतला प्रश्न

अभ्यासक्रम विद्यापीठे बदलतील तेव्हा बदलतील. तोपर्यंत समाजाने स्वस्थ बसण्याचे कारण नाही. मुलाला नोकरी लागली की घरात पहिला प्रश्न ‘पॅकेज किती?’ असा असतो. दुसरा प्रश्न ‘ती कंपनी माणसांशी कशी वागते?’ असा विचारला जाऊ लागला, तर त्याचा परिणाम शिक्षणसंस्थांवर झाल्याशिवाय राहणार नाही. शिक्षणसंस्था शेवटी पालकांच्या अपेक्षांप्रमाणे वागतात.

आणि हा प्रश्न फक्त कंपन्यांना विचारण्याचा नाही. या परिसरातील अनेक कुटुंबे स्वतः मजूर लावणारी आहेत. कांदा लागवड, काढणी, चाळीत भरणी, डाळिंबाची छाटणी यांसाठी पाड्यांवरून माणसे येतात. पडलेल्या भावाने शेतकरी आधीच त्रस्त आहे, हे खरे; पण त्याचा ताण सर्वांत दुबळ्याच्या मजुरीवर काढला जात असेल तर तोही विचाराचा विषय आहे. ठरलेली मजुरी त्याच आठवड्यात देणे, बाईला पुरुषाइतक्याच कामाला पुरुषाइतका दाम देणे, पाणी, सावली आणि आडोशाची सोय करणे, फवारणीच्या दिवशी लहान मुलांना शेतात न येऊ देणे, या गोष्टींसाठी एमबीएची पदवी लागत नाही.

कार्यकर्त्यांसाठीही येथे पुष्कळ काम आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम पोर्टल सुरू केले. पाड्यावरून निघणाऱ्या प्रत्येकाची नोंद झाली आहे काय, हे पाहता येईल. मुकादमाबरोबर झालेला तोंडी व्यवहार एका वहीत लिहून ठेवण्याची सवय लावता येईल. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची मागणी आणि देखरेख करता येईल. महाविद्यालयातील वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना या नोंदींच्या कामाला लावले, तर त्यांचे व्यवस्थापन शिक्षण एमबीएला प्रवेश घेण्यापूर्वीच सुरू होईल.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी नव्या वहीची पूजा करतो आणि पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ हे दोन शब्द लिहितो. लाभाला आपल्या परंपरेने कधी पाप मानले नाही. पण तो एकटाही लिहिला नाही. व्यवस्थापनाच्या शिक्षणात लाभ कसा मोजावा याचे शास्त्र अतिशय प्रगत झाले आहे. शुभ कसे मोजावे याचे शास्त्र आता उभे करायचे आहे आणि त्याचा पहिला आकडा पाड्यावरून निघालेल्या कुटुंबाच्या हाती हंगामाच्या शेवटी काय उरले, हा असला पाहिजे. तो आकडा ज्या वहीत नाही, त्या वहीचा हिशेब पुरा झाला असे मानू नये.